काकूंच्या वाट्याची दुपार : सिंहगड रस्त्यावरच्या एका घरगुती पाळणाघराचं प्रकरण

घरगुती पाळणाघर चालवणारी बाई फिजिओथेरपिस्टकडे येते तेव्हा दुखणं सहसा बरेच महिने अंगावर काढून झालेलं असतं. कंबर, गुडघा, मनगट, खांदा, यातलं काहीतरी पार अडून बसल्याशिवाय ती येत नाही. यायचं कधी, हाच तिच्यापुढचा प्रश्न असतो, कारण दवाखान्याच्या वेळा आणि पाळणाघराच्या वेळा एकच. इथे मांडलेलं प्रकरण अशाच एका बाईचं आहे. व्यायाम, औषधं, मनगटाचा पट्टा हे सगळं रीतसर देऊनही तिला उतार पडत नव्हता. उतार पडला तो तिच्या दिवसात रोज काही तास दुसऱ्या माणसाचे हात आले तेव्हा. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

पाळणाघरवाल्या बाईची तब्येत हा तिचा खासगी मामला, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. मुलांना मिळणारं दूध, पाणी, झोप आणि स्वच्छता ही जशी पाळणाघराची व्यवस्था, तशीच तिथल्या बाईची कंबर, तिची झोप आणि तिचं जेवण हीसुद्धा व्यवस्थाच आहे. आणि व्यवस्था सगळ्यांनी मिळून सांभाळायची असते.

हे लिहायला त्यांची परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नाव लिहीत नाही. मुलं, त्यांचे आईबाबा आणि आता मीही त्यांना काकूच म्हणते.

पार्श्वभूमी

काकूंचं वय ४९. पुण्यात माणिकबागेच्या बाजूला एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर दोन बेडरूमचं घर. यजमान एका कारखान्यातून निवृत्त झालेले, मधुमेही. मुलगी लग्न होऊन नाशिकला. चौदा वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरची बँकेत काम करणारी शेजारीण म्हणाली, ‘काकू, दोन महिने तेवढं बाळाला बघा, पुढे सासूबाई येतायत.’ सासूबाई आल्याच नाहीत. त्या बाळामागून दुसरं आलं, मग तिसरं, आणि पाटी न लावताच पाळणाघर सुरू झालं.

पुण्यातली बरीचशी घरगुती पाळणाघरं अशीच उभी राहिली आहेत. आजी-आजोबा साताऱ्याला नाहीतर लातूरला, आई कामाला हिंजवडीला, बाबा खराडीला. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण ज्या आईचं काम लहान ऑफिसात आहे, किंवा जिला सकाळच्या गर्दीत तान्ह्या बाळाला घेऊन नवले पुलावरून हिंजवडी गाठणं झेपत नाही, तिला घराजवळची काकूच लागते. कायद्यानं आईची रजा मोजली, कंपनीची जबाबदारी ठरवली. काकू त्या हिशोबात कुठेच नाही.

प्रकरण सुरू झालं तेव्हा काकूंकडे नऊ मुलं होती. सहा दिवसभराची (सगळ्यात धाकटं नऊ महिन्यांचं, सगळ्यात थोरलं साडेतीन वर्षांचं) आणि तीन शाळा सुटल्यावर येणारी. वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात, शनिवार धरून. मदतीला एक मावशी, सकाळी आठ ते बारा. केरफरशी, कपडे, भाजी चिरणं, मुलांची शी-शू आवरणं, हे त्यांच्याकडे. बारानंतर काकू एकट्या.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, धायरी या बाजूला गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातापायांतली ताकद जाते त्या आजाराचे, रुग्ण एकदम वाढले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा दूषित पाण्या-अन्नातून पसरणारा जंतू सापडला, पाणी उकळून प्या असं महापालिका सांगू लागली, आणि पालक धास्तावले. काकूंनी रोज सकाळी आणि रात्री मोठं पातेलं भरून पाणी उकळायला सुरुवात केली. गार झालेलं पातेलं ओट्यावरून उतरवून माठात ओतायचं. फेब्रुवारीत एका सकाळी ते उतरवतानाच कंबर धरली. त्या दिवशीही त्यांनी साडेसातपर्यंत मुलं सांभाळली.

तपासणी

काकू आल्या त्या रविवारी, खास वेळ मागून, यजमानांचा हात धरून. कंबरदुखी दहापैकी सात. पायात मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, लघवीवरचा ताबा गेलेला नाही, म्हणून एमआरआयची घाई केली नाही. कमरेचे स्नायू ताठरलेले, पोटाचे ढिले. दोन्ही गुडघ्यांत कुरकुर.

खरं लक्ष वेधलं ते उजव्या मनगटानं. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला वळवायला सांगितलं, तर काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाजवळ ज्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) असतात त्यांचं आवरण सुजतं, त्याला डी क्वेर्व्हेनचं दुखणं म्हणतात. बाळंतिणींमध्ये ते नेहमी दिसतं, कारण बाळाला काखेत धरून उचलताना अंगठा ताणून बाहेर काढला जातो आणि सगळा भार त्या एका ठिकाणी येतो. बाळंतिणीचं बाळ वर्षा-दीड वर्षात चालू लागतं. काकूंच्या घरात मात्र चौदा वर्षं सतत कुणी ना कुणी न चालणारं होतंच.

मग नेहमीचे प्रश्न. पाणी किती पिता? काकू जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, ‘प्यायलं की जावं लागतं ना, ताई.’

त्यांना बाथरूमला जायचं तर रांगणारं बाळ कुणाच्या जिवावर सोडायचं? म्हणून दुपारी बारानंतर, मावशी गेल्या की, त्या पाणीच पीत नसत. चहा अर्धा कप, तोही चारच्या पुढे. आदल्या वर्षात तीनदा लघवीचा संसर्ग होऊन गेला होता. पाळी अनियमित, आली की अंगावरून फार जायचं, आणि दुपारभर पॅड बदलायलाही सवड नसायची. हे त्यांनी यजमानांना बाहेर बसायला सांगून मग सांगितलं.

मी त्यांना फॅमिली डॉक्टरांकडे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं, बायकांमध्ये ते बाराच्या वर हवं. रक्तदाब १४८/९२. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या, तेव्हा काकूंचा आकडा जगावेगळा नव्हता. पण एवढ्या कमी रक्तावर दिवसाचे साडेअकरा तास नऊ मुलांमागे धावायचं, म्हणजे संध्याकाळी जिना चढताना धाप लागणारच. काकू त्याला ‘वय झालं’ म्हणत होत्या.

लोहाच्या गोळ्या, रक्तदाबाची गोळी, पाळीसाठी उपचार सुरू झाले. मी व्यायाम दिले, मनगटाला अंगठा आधारणारा पट्टा दिला. सहा आठवड्यांनी कंबर सातावरून सहावर. व्यायाम होत नव्हते. पट्टा बाळाला टोचतो म्हणून काकू तो दिवसा काढून ठेवत. अशा वेळी ‘पेशंट सहकार्य करत नाही’ असं लिहून मोकळं होण्याची आमच्या पेशात पद्धत आहे. मला त्या शब्दांचा राग येतो. काकूंची परवानगी घेऊन मी एक दिवस पाळणाघरातच जाऊन बसले.

घरी काय दिसलं

सकाळी आठ ते बारा मी नुसती नोंद केली. काकूंनी चार तासांत ४७ वेळा मूल उचललं. नऊ महिन्यांचं बाळ साडेआठ-नऊ किलोचं, दोन वर्षांचं बारा किलोचं, तीन वर्षांचं चौदा किलोचं. सरासरी दहा किलो धरली तरी सकाळभरात पावणेपाचशे किलो, आणि ते बहुतेक सगळं जमिनीवरून. कारण सगळं जमिनीवरच. गाद्या जमिनीवर, भरवणं जमिनीवर, लंगोट बदलणं जमिनीवर. बाळाला काखेत धरून, कमरेतून वाकून, हात लांबवून उचलायचं आणि उचलता उचलताच मागे वळायचं, कारण मागे दुसरं कुणीतरी चप्पल तोंडात घालत असतं.

बाराला मावशी गेल्या. साडेबाराला जेवणं. काकू चौघांना ओळीत बसवून वरणभात भरवत होत्या, मांडीवर पाचवं. दीडला निजानीज. सहाव्याला झोप येईना म्हणून त्याला मांडीवर घेऊन त्या भिंतीला टेकून थोपटत बसल्या. पावणेतीनला शाळेची रिक्षा आली. मुलं दार वाजवतील, झोपलेली उठतील, म्हणून काकू आधीच दारात जाऊन उभ्या. त्या मुलांना खायला दिलं, तोवर तान्हं उठलं. काकूंचं स्वतःचं जेवण? साडेतीनला, ओट्याशी उभ्यानं, पोळीत भाजी गुंडाळून. ताट वाढून घेतलेलं मी पाहिलंच नाही.

हॉलच्या कोपऱ्यात कॅमेरा होता. दोन पालकांच्या आग्रहावरून तो बसवलेला, मोबाईलवर सगळ्यांना दिसणारा. मुलांची काळजी वाटणं मी समजू शकते, आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. पण तो काकूंच्या राहत्या घरात आहे. ‘गाउनवर राहता येत नाही, ह्यांना बनियनवर पेपर वाचता येत नाही. जरा आडवी झाले तर कुणीतरी बघत असेल, म्हणत असेल काकू झोपा काढतात,’ असं त्या म्हणाल्या. सगळी मुलं निजली तरी पाठ टेकायची भीती. कमरेच्या स्नायूंना दुपारी वीस मिनिटं आडवं पडणं किती मोलाचं असतं हे मी रोज पेशंटना सांगते. काकूंच्या बाबतीत ते वीस मिनिटांचं औषध कॅमेऱ्याखाली अडकलं होतं.

त्याआधीच्या महिन्यात दोन वर्षांच्या एका मुलानं दुसऱ्याच्या दंडाला चावा घेतला होता. त्या वयात मुलं चावतात. बोलता येत नाही तेव्हा दात बोलतात. रात्री दहाला पालकांच्या ग्रुपवर फोटोसकट मेसेज आला: ‘तुमचं लक्ष कुठे होतं?’ काकूंनी चार रात्री झोप काढली नाही. अशा गोष्टी आमच्या तपासणीच्या कागदावर कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, पण ताठरलेल्या पाठीत त्या उतरलेल्या असतात.

पैशाचा हिशोब

इथे वही काढावीच लागली, कारण ‘मदतनीस वाढवा’ हे सांगायला सोपं आहे. दिवसभराच्या सहा मुलांचे प्रत्येकी ५,५०० आणि शाळेनंतरच्या तिघांचे प्रत्येकी ३,०००, असे महिन्याला ४२,००० रुपये येत. मावशींचा पगार ५,५००. दूध, खाऊ, भाजी, गॅस, वीज, साबण-फिनेल, गाद्यांची धुलाई यांना साधारण ११,०००. सोसायटी जास्तीचा देखभाल खर्च लावते तो १,५००. हातात २४,००० उरत. तयारीचा एक तास धरून दिवसाचे साडेबारा तास, महिन्याचे पंचवीस दिवस. म्हणजे ताशी ७७ रुपये, नऊ मुलांच्या जिवाच्या जोखमीसकट.

काकूंनी हा हिशोब कधी केलाच नव्हता. आकडा पाहून त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, ‘पण मुलांचं कसं मोजायचं?’ या प्रश्नापाशीच या बायका अडतात. माया मोजू नये हे खरं, पण उभं राहायचे तास मोजायलाच हवेत. फी तीन वर्षं वाढवलेली नव्हती. मागायची भीड वाटायची. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात ते अशा हिशोबांतून आलेलं असावं.

मुलांमागे माणसं किती, याचा विचार सरकारनंही केलेला आहे. कंपन्यांच्या पाळणाघरांसाठी केंद्रानं २०१८ साली जी किमान मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित कार्यकर्ती आणि सोबत मदतनीस असं प्रमाण आहे. काकूंचं पाळणाघर त्या मापात सकाळी बसतं, बारानंतर बसत नाही. शिवाय असं कुठलंही प्रमाण मुलं मोजतं. त्या एका बाईला बाथरूमला जायला कोण सोडवणार, हे त्यात मोजलेलं नसतं.

पालकांची बैठक

एप्रिलमधल्या एका शनिवारी संध्याकाळी काकूंनी पालकांना अर्धा तास थांबायला सांगितलं. मी जावं अशी त्यांची इच्छा होती. तपासणीचा कागद वाचून दाखवायला त्यांनी मला सांगितलं. हिमोग्लोबिन, रक्तदाब, ४७ वेळा उचलणं, सगळं. पाळीचं आणि लघवीचं सांगू का, विचारलं, तर म्हणाल्या, ‘सांगा. ह्या सगळ्या बायाच आहेत, आणि बाप्यांनाही कळू दे.’

खोलीत शांतता पसरली. बहुतेकांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. मग प्रश्न आले. एक बाबा म्हणाले, ‘आमचंही बजेट ठरलेलं असतं, घराचा हप्ता आहे.’ त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पुण्यात नवरा-बायको दोघं कमावत असले तरी हप्ता, शाळेची फी, पेट्रोल जाता हातात फार उरत नाही. एका आईचा प्रश्न वेगळा होता: दुपारी नवी बाई येणार, ती कोण, कुठली, मुलांना मारणार तर नाही? हाही रास्त. सगळ्यात उपयोगी बोलली ती रुग्णालयात नर्स असलेली एक आई. ती म्हणाली, ‘आमच्याकडे ड्यूटी बदलताना दुसरी आल्याशिवाय पहिली जात नाही. काकूंना सोडवायला कुणी येतच नाही. असं काम मी एक आठवडासुद्धा करू शकणार नाही.’

ठरलं ते असं. दुपारी एक ते साडेचार दुसऱ्या मदतनीस यायच्या, पगार ६,०००. दिवसभराच्या मुलांची फी ७०० रुपयांनी, शाळेनंतरच्या मुलांची ४०० रुपयांनी वाढली. एकूण ५,४०० झाले, वरचे सहाशे काकूंचे. घराच्या हप्त्याचं सांगणाऱ्या बाबांनी एक महिना विचार करून मुलाला दुसरीकडे घातलं. काकूंना ते फार लागलं. ते मूल आठ महिन्यांचं असल्यापासून त्यांच्याकडे होतं. जाणाऱ्या मुलाचं दुःख धरायला या कामात कुणाला जागाच नसते. दुसऱ्या दिवशी आठ वाजता दार वाजतंच. ती जागा दोन महिन्यांनी भरली, नव्या फीवर.

फीबरोबर एक पानी कागदही झाला, साध्या मराठीत, सह्यांसकट. त्यातलं महत्त्वाचं सांगते. ताप असलेलं मूल, औषध न देता चोवीस तास ताप नसल्याशिवाय आणायचं नाही. सव्वासातनंतर उशीर होणार असेल तर सहापर्यंत कळवायचं. साडेसातनंतर दर अर्ध्या तासाला शंभर रुपये. वर्षाला बारा दिवस काकूंची आजारपणाची आणि कामाची सुट्टी, दिवाळीचे सहा दिवस वेगळे, फी न कापता. रात्री नऊनंतर ग्रुपवर तक्रार नाही. तातडीचं असेल तर फोन. कॅमेरा मुलांच्या खोलीकडे वळवायचा, हॉलमध्ये नाही. कॅमेऱ्यावर जरा ताणलं, पण मुलं दिसली की पुरे, हे शेवटी सगळ्यांना पटलं.

कामाच्या पद्धतीत काय बदललं

जुनं जेवणाचं टेबल भिंतीला लावून त्यावर कडा उंच केलेली गादी बसवली; लंगोट आता तिथे, उभ्यानं, बाळावरचा एक हात न काढता बदलायचा. दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी दोन पायऱ्यांचं लाकडी स्टूल आणलं. मुलं स्वतः चढून काकूंच्या उंचीला येतात, आणि त्यांना ते उचलून घेण्याहून जास्त आवडतं. भरवताना काकू जमिनीवर न बसता बुटक्या चौरंगावर बसतात. पाण्याचं पातेलं गेलं. वाटीनं काढून माठात भरतात, नाहीतर यजमान उतरवतात.

उचलण्याची पद्धत आम्ही अक्षरशः बाहुलीवर घोटवली. एक गुडघा टेकायचा, बाळाला अंगाशी ओढायचं, एक हात बुडाखाली आणि एक पाठीमागे, तळहात वर, अंगठा बोटांजवळ मिटलेला. आधी अंगाशी, मग वर. वळायचं असेल तर कमरेतून नाही, पावलं टाकून. हे सकाळच्या मावशींनाही शिकवलं. त्यांची कंबर तर कुणी विचारलेलीच नव्हती, आणि त्या दिवसात आणखी तीन घरची कामं करतात.

हात धुण्याचंही थोडं बदललं. काकू सॅनिटायझरवर भिस्त ठेवून होत्या. पावसाळ्यात मुलांच्या हाता-पायांवर आणि तोंडात जे फोड येतात, त्याच्या विषाणूवर अल्कोहोलचा फारसा जोर चालत नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं. काकूंना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या, ते बरं होतं, कारण मोठेपणी त्या फार त्रास देतात. फ्लूची लस मात्र त्यांनी कधीच घेतली नव्हती. जूनमध्ये घेतली, आता दरवर्षी घेणार आहेत.

जुलैत ताप असलेल्या मुलाच्या नियमाची कसोटी लागली. एका आईनं सकाळी ताप उतरवायचं औषध पाजून मूल आणलं, अकराला अंग पुन्हा तापलं. काकूंनी फोन केला. ती आई अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली, रागावून. काकूंनी तिला बसवलं, पाणी दिलं, कागद दाखवला आणि म्हणाल्या, ‘मी पडले तर आठ घरांची रजा होईल गं.’ ती आई अजून त्यांच्याकडेच आहे.

निकाल

ऑगस्टमध्ये कंबरदुखी तीनवर आली. मनगटाचा पट्टा सुटला. हिमोग्लोबिन ११.६. रक्तदाब गोळीसकट १३४/८४. एप्रिलनंतर लघवीचा संसर्ग एकदाही झाला नाही, आणि याचं श्रेय कुठल्याही औषधाला नाही. दुपारच्या ताई दार सांभाळतात तेवढ्यात काकू ताट वाढून, बसून जेवतात, बाथरूमला जातात, आतल्या खोलीत दार लोटून पंचवीस मिनिटं आडव्या होतात. व्यायाम त्याच वेळात होतात. दिवाळीचे सहाही दिवस त्यांनी सुट्टी घेतली.

झोप मात्र अजून तुटक आहे. पाळी जाण्याचं वय आहे, पण तेवढंच नाही. मूल पडलं, चावलं, रडलं, हे रात्री डोक्यात फिरत राहतं. मनाच्या तक्रारींसाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. काकूंनी एकदा फोन केला, बरं वाटलं म्हणाल्या. त्याहून जास्त उपयोग त्यांना झाला तो दुसऱ्या काकूंचा.

वडगाव, धायरी, हिंगणे या बाजूच्या पाळणाघरवाल्या बायका आता महिन्यातून एका रविवारी भेटतात. गटाला नाव नाही, वर्गणी नाही. आधी नुसत्या बोलायला जमल्या. हळूहळू कोण कुठल्या मुलांच्या डॉक्टरांना फोन करते, कुणाची फी किती, कुठल्या पालकाला कसं समजावलं, हे निघू लागलं. त्यातून दोघी-दोघींच्या जोड्या लागल्या. एक आजारी पडली तर तिची लहान दोन-तीन मुलं दुसरीकडे, बाकीच्यांनी त्या दिवसाची आपली सोय करायची. पालकांची लेखी संमती आधीच घेतलेली. मुलांना तिथल्या घराची सवय व्हावी म्हणून महिन्यातून एक सकाळ दोन्हीकडची मुलं एकत्र खेळतात.

जे सुटलेलं नाही

म्हातारपण सुटलेलं नाही. सगळ्यांनी ई-श्रम पोर्टलवर नोंदणी केली. ती १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांसाठी आहे. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देणारी सुरक्षा विमा योजना घेतली. दवाखान्याच्या मोठ्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारची जुळणी करून ठेवली. पण निवृत्तिवेतनाच्या ज्या दोन योजना अशा कामगारांसाठी आहेत, श्रमयोगी मानधन आणि अटल पेन्शन, त्या दोन्हींत चाळिशीच्या आतच शिरावं लागतं. आपली मुलं मोठी झाल्यावर या कामात उतरणाऱ्या बायका तोवर चाळिशी ओलांडून गेलेल्या असतात. दार बंद. काकूंनी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत खातं उघडलं आहे, त्यात चाळिशीनंतरही शिरता येतं. महिन्याला हजार रुपये. अकरा वर्षांत साठीला त्याचं काय होणार हे त्यांनी मला विचारलं, आणि आम्ही दोघींनी मिळून आकडा काढला. तो पुरेसा नाही. ई-श्रमवर नोंदलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या बायकांसाठी सरकारचा हातभार असलेली योजना असायला हवी, हे मी जिथे बोलता येईल तिथे बोलते आहे.

दुसरं, शनिवार. पालकांपैकी पाचजणांना शनिवारी सुट्टी असते, तरी मुलं येतात, कारण घरची कामं उरकायची असतात. महिन्यातले दोन शनिवार बंद ठेवावेत असं माझं म्हणणं आहे. काकूंना अजून ते बोलवत नाही. शाळेनंतरच्या दोन मुलांच्या आयांना शनिवारी खरंच काम असतं, आणि त्यांच्यासाठी दार उघडं ठेवलं की बाकीचे कसे अडवायचे, हा त्यांचा प्रश्न आहे. गटातल्या आणखी दोघींचाही तोच.

येत्या मे महिन्यात काकूंच्या लेकीचं बाळंतपण आहे. त्यासाठी त्या दोन आठवडे नाशिकला जाणार आहेत, चौदा वर्षांत पहिल्यांदाच इतके दिवस. जानेवारीतच पालकांना कळवलं. तीन मुलं जोडीदार काकूंकडे, दोघांच्या आज्या येणार, एका बाबांनी घरून काम मागून घेतलं, शाळेची दोन मुलं सुट्टीत आजोळी. एकाची सोय अजून लागायची आहे, त्याची आई आणि काकू मिळून बघतायत.